रिकामं पाकीट, बरोबर पत्ता

४ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहा. हे काय विसरले, किती जेवले, झोप कशी लागली. पुढच्या महिन्यात वही घेऊन या, मी बघते. म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. तर म्हणाल्या, माझं तरी कुठे कुणाला लागतं. बाई बरी आहे.

नवीन वही आणायची काही गरज नाही. गिऱ्हाइकांच्या मापांची जुनी वही आहे, मागून निम्मी कोरी. पुढून कंबर आणि उंची, मागून हे.

तर आज. सहाला उठले. चहा घेतला. घेतल्याचं विसरले, परत मागितला. दिला. दुसरा घेतल्याचं लक्षात राहिलं. दहाला बाहेर पडले, एकला आले. पोटभर जेवले. मला ओळखलं.

झालं.

५ तारीख, मंगळवार

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. परक्या माणसाला यातून काही कळायचं नाही. म्हणून आज जरा सांगून ठेवते.

हे म्हणजे माझे यजमान. चाळीस वर्षं पोस्टमन होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली. दोन वर्षांपासून डोकं उलटं चालायला लागलंय. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग जावयाचं नाव विसरले, मग जावई. या शेवटच्याचं मला फार वाईट वाटलं नाही.

आमची तळमजल्याला एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. खिडकीशी माझं मशीन. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे. कंबर घट्ट करायला दहा वर्षांत कुणी आलेलं नाही. गिऱ्हाईक खिडकीतून कपडा आत देतं, खिडकीतूनच नेतं. आत कुणाला घेत नाही. आत घेतलं की बसतात, बसले की बोलतात.

यांनी दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. खाकी पिशवी आणि सकाळचे दहा. रविवार सोडून रोज दहाला पिशवी खांद्याला लावतात आणि बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या नेहमीच्या रस्त्यावर, निघतात. मी जुनी बिलं, जाहिरातींचे कागद पिशवीत घालते. रिकामी पिशवी त्यांना चालत नाही. एकला परत. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं.

लेक म्हणते, आई, एवढं मोठं शहर, माणूस पडला तरी लोक ओलांडून जातात, तू बाबांना एकटं सोडतेसच कशी? मी म्हणते, चाळीस वर्षं तोच रस्ता आहे. डोकं विसरतं, पाय विसरत नाहीत.

शहराबद्दल ती म्हणते ते खरंच आहे. इथे कुणाला कुणाचं पडलेलं नाही. मला ते बरंच वाटतं. उगाच विचारपूस नको.

७ तारीख, गुरुवार

आज परत पाकीट.

हे दोन-तीन महिने चाललंय. एक वाजता हे खिडकीबाहेर उभे राहतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "टपाल!" मी हात पुढे करेपर्यंत हलत नाहीत. मी घेतलं की पिशवी खांद्यावरून काढतात, दार लोटून आत येतात आणि "अगं, पाणी दे" म्हणतात. बाहेर पोस्टमन, आत नवरा. मधे फक्त उंबरा.

पाकिटावर आमचा पत्ता. खोली नंबरासकट बरोबर. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत कोरा कागद, चार घड्या घातलेला. कधी तोही नाही. अक्षर कधी गोल गोल, कधी कोंबड्याच्या पायासारखं. एकाहून जास्त माणसं आहेत यात. म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करायला लोकांना बरा वेळ मिळतो.

यांना विचारलं, कुणी दिलं? तर म्हणाले, "टपाल कुणाचं ते सांगायचं नसतं."

पाकीट तपकिरी, औषधाच्या दुकानातल्या पिशवीसारखं. कागद मात्र चांगला. खिशाचा साचा कापायला घेतला.

१२ तारीख, मंगळवार

एक वॉचमन कोट घेऊन आला. काखेत उसवलेला. कोट आत दिला आणि खिडकीतून डोकावत बसला.

"काका आलेत का घरी?"

म्हटलं, "कपडा द्यायचाय की पाहुणचार हवाय?"

"नाही हो, सहज. काल जरा दमलेले दिसले. नीट पोचले ना?"

"न पोचायला काय झालं? चाळीस वर्षांची बीट आहे त्यांची."

"ते आहेच," म्हणाला आणि हसला. मग जाताना मागे वळून, "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, आजी."

आजी म्हणे. याचेच केस पिकलेत.

चौकस माणसं मला आवडत नाहीत. कोट पाहिला तर आतलं सगळं अस्तर जाळी झालेलं. नुसती काख शिवली असती तर चार दिवसांत परत आला असता आणि परत डोकावत बसला असता. म्हणून सगळं अस्तर नवीन घातलं. कॉलरही उलटून बसवली, डोळ्यात खुपत होती.

हे आज जेवताना तीनदा "छान झालंय" म्हणाले. एकदाच म्हटलं असतं तर जास्त खरं वाटलं असतं.

१४ तारीख, गुरुवार

लेक आली होती. फॉर्म घेऊन. शहराबाहेर एक संस्था आहे, अशाच माणसांना ठेवतात. स्वच्छ आहे म्हणाली, बाग आहे, गेटला कुलूप असतं. शेवटी माझी सही लागते.

"गेटला कुलूप कशाला?" मी विचारलं.

"बाहेर पडू नयेत म्हणून, आई."

"दहा वाजता काय करतील मग?"

मग तिचं नेहमीचं सुरू झालं. गळ्यात कार्ड घाल म्हटलं होतं ते घातलंस का? म्हटलं, घातलं होतं, त्यांनी काढून टाकलं. गळ्यात पट्टा कुत्र्याला घालतात म्हणाले. म्हणून मी प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून पट्टी शिवलीय, पत्त्याची.

"आणि फोन नंबर?"

"पट्टी अरुंद होती."

"आई!"

"त्यांनाच विचारलं मी, काय घालू. म्हणाले, पत्ता बरोबर असला की पोचतं."

लेकीच्या डोळ्यात पाणी आलं. मला रडारड सहन होत नाही. मी फाडकन बोलून गेले, "एकदा, फक्त एकदा जरी हरवले ना, तर मी स्वतः सही करीन. तोवर हा कागद माझ्यापुढे नाचवू नकोस."

"शब्द दिलास हं," ती म्हणाली.

"दिला."

फॉर्म बटणांच्या डब्यात ठेवलाय.

आता वहीत खोटं कशाला लिहू. सकाळी दहाला हे बाहेर पडतात तेव्हा मला हायसं वाटतं. तीन तास कुणी तेच तेच विचारत नाही. मशीनचा आवाज आणि मी. त्या तीन तासांसाठी तर मी त्यांना सोडत नाही ना, असं आज पहिल्यांदा मनात आलं. आणि ते संस्थेत गेले तर चोवीस तास तसेच असतील, हेही आलं. मग मशीन चालेना. दोरा तीनदा तुटला.

१९ तारीख, मंगळवार

आज हे अगदी पूर्वीसारखे. जेवताना मी सहज विचारलं, एखाद्याने टपाल घेतलंच नाही तर हो? तर घास खाली ठेवून मला शिकवायला लागले. "त्याच्याकडून वर लिहून घ्यायचं, घेत नाही म्हणून. मग ते परत. रस्त्यात टाकायचं नाही, स्वतःच्या घरी न्यायचं नाही. पाठवणाऱ्याचं नाव असेल तर त्याच्याकडे, नसेल तर आपल्या पोस्टात जमा करायचं. त्याच दिवशी. रात्र उलटू द्यायची नाही."

एक शब्द अडखळला नाही. जावयाला ऐकवायला पाहिजे होतं.

डॉक्टरीणबाई, हे लिहून ठेवते. वाईट तेवढंच लिहायचं असं तुम्ही म्हणाला नव्हतात.

२२ तारीख, शुक्रवार

आता संध्याकाळचे साडेसात. हे जेवून आडवे झालेत. माझा गुडघा सुजलाय. पण आजचं आजच लिहिते, नाहीतर उद्या मीच स्वतःला सोयीचं करून लिहीन.

सकाळपासून डोकं फिरलेलं. लेकीचा फोन, फॉर्मची मुदत महिनाअखेर. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं जास्त कापला गेला, चूक माझीच. त्यात एक वाजला आणि खिडकीत "टपाल!"

पाकीट घेतलं. आत काही नाही. उघडं, पोकळ. मला एकदम संताप आला. रोज कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या हातात रिकामं पाकीट देतो आणि लांब उभा राहून हसतो. खडू हातात होता, पेन घेतलं आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं: घेत नाही. परत. आणि त्यांच्या हातात कोंबलं.

"जो कोणी देतो ना, त्याच्या तोंडावर मारा म्हणावं."

त्यांनी वाचलं. तोंड गंभीर झालं. पाकीट पिशवीच्या आतल्या कप्प्यात नीट सरकवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, बाई."

मी पँटकडे वळले. वाटलं, येतील आत, पाणी मागतील. टीप घातली. दोरा कापला. मग लक्षात आलं, पाणी कुणी मागितलं नाही.

रस्त्यावर बघितलं तर कुणी नाही.

खिडकी लावली, दार ओढून निघाले. आमचं दार ओढलं की लागतं. किल्ली आतच राहिली, पण ते नंतर. कोपऱ्यापलीकडे मी चार वर्षांत गेले नव्हते. गुडघ्यामुळे, आणि खरं म्हणजे कारणच नव्हतं. रस्ता ओळखू येईना. जिथे वाण्याचं दुकान होतं तिथे काचा आणि आत पळणारी माणसं, पट्ट्यावर, जागच्या जागी. दोन तास गल्ल्यांतून लंगडत फिरले. कुणाला विचारावं? मी कधी कुणाला काही विचारलेलं नाही.

पुलाखाली एक चावीवाला बसतो. त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "एक म्हातारे गृहस्थ, खाकी पिशवी..."

त्याने कानस खाली ठेवली. "पोस्टमनकाका? काय झालं? काकू, तुम्ही खिडकीवाल्या का? आज पाकीट नाही पोचलं?"

"म्हणजे पाकिटं पाठवणारा तू?"

"मी एकटा नाही हो."

मग त्याने सांगितलं. आमच्या पुढच्या वळणावरच्या ऑफिसचा वॉचमन, तोच तो कोटवाला, त्याने दोन-तीन महिन्यांपूर्वी यांना फुटपाथवर उभं पाहिलं. एका जागी दोन तास. विचारलं तर म्हणाले, पिशवीतलं टपाल संपलं, पुढचं मिळालं नाही, कुठे जाऊ? हाताला धरून न्यायला गेला तर ओरडले, ड्यूटीवरच्या माणसाला हात लावायचा नाही. उन्हाने घेरी आली तेव्हा याने कॉलर सैल केली, तर आत पट्टी. पत्ता मिळाला, पण जायला तयार कुठे? समोर औषधाचं दुकान आहे, तिथल्या चष्मेवाल्या मुलीला सुचलं. औषधाच्या पिशवीचं पाकीट केलं, पट्टीवरचा पत्ता लिहिला आणि म्हणाली, पोस्टमनकाका, हे एक राहिलंच की. हे उठले, पाकीट डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि चालायला लागले. सरळ घरी. वॉचमन मागोमाग येऊन आमच्या खिडकीपर्यंत बघून गेला.

"तेव्हापासून काका आले की वॉचमन त्यांना माझ्या नावाचं पाकीट देतो. मी चष्मेवालीच्या नावाचं देतो. ती तुमच्या पत्त्याचं देते, बरोबर पाऊण वाजता. म्हणजे एकला जेवायला घरी. तिची सुट्टी असली तर मीच लिहितो. अक्षर वाईट आहे माझं."

"कोंबड्याच्या पायासारखं," मी म्हटलं.

"रविवारी आम्हालाच चुकल्यासारखं होतं," तो म्हणाला.

चाळीस वर्षांची बीट. पाय विसरत नाहीत. मी किती जणांना हे ऐकवलं होतं!

त्याने पेटी बंद केली, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला घेऊन औषधाच्या दुकानात गेला. चष्मेवाली काउंटरबाहेर आली. पोरगी विशीतली, आवाज बारीक.

"काकू, मी दिलं होतं पाकीट. ते घेऊन निघाले. तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत का?"

"पोचले," मी म्हटलं. "मी घेतलं नाही. वर लिहिलं, घेत नाही, परत."

कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"परत म्हणजे मग इकडेच यायला हवे होते," चष्मेवाली म्हणाली.

आणि मला मंगळवारचं जेवण आठवलं. पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर पोस्टात जमा. त्याच दिवशी.

"पोस्टात गेलेत," मी म्हटलं. "जुन्या पोस्टात."

"ते बंद होऊन आठ वर्षं झाली, काकू."

"त्यांना कुठे माहितीये?"

जुन्या पोस्टाच्या जागी आता नळ आणि फरशांचं दुकान आहे. मोठं, थंडगार, सगळीकडे पांढरी बेसिनं. आणि दोन बेसिनांच्या मधे स्टुलावर हे. ताठ बसलेले, पिशवी मांडीवर. पुढ्यात पाण्याचा ग्लास, बिस्किटांची बशी. तीन तास तसेच.

दुकानाची मालकीण पुढे आली. "तुम्ही यांच्या कोण?"

म्हटलं, "ज्या घराने टपाल घेतलं नाही, त्या घरची."

तिला काय कळलं कोण जाणे, पण हसली नाही. म्हणाली, "आले आणि म्हणाले, परत आलेलं टपाल जमा करून घ्या. मला काही समजलं नाही, पण इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी घेतलं. शिक्का मारा म्हणाले, तर आमच्या दुकानाचाच मारला. त्यावर सही करून घेतली माझी! मग म्हटलं, आता घरी सोडू का? तर म्हणाले, पुढची पिशवी भरेपर्यंत बसतो. मग बसा म्हटलं. गिऱ्हाइकं येतात, त्यांना सांगतात, रांगेत या."

मी त्यांच्यासमोर गेले. "अहो, चला घरी."

त्यांनी वर बघितलं. डोळे स्वच्छ. "बाई, काउंटर बंद झालंय. उद्या या."

चाळीस नाही, एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला.

चावीवाला माझ्या कानाशी आला. "काकू, लिहा. तुम्हीच लिहा."

मालकिणीने पाकीट दिलं, चांगलं पांढरं, दुकानाचं नाव असलेली बाजू आत दुमडून. पेन दिलं. मी त्या बेसिनावर पाकीट ठेवलं आणि माझाच पत्ता लिहिला. पाकिटावर, आयुष्यात पहिल्यांदा. मला पत्र लिहायला कुणी नव्हतंच, माझा माणूस तर रोज घरी यायचा. जोडाक्षर चुकलं, गिरवून नीट केलं. मालकिणीने ते त्यांच्यापुढे धरलं. "पोस्टमन, हे आजच पोचवायचंय."

त्यांनी घेतलं. बराच वेळ बघितलं. "अक्षर ओळखीचं आहे," म्हणाले. आणि उठले.

पुढे हे, मागे मी लंगडत, माझ्यामागे चावीवाला. चालतात केवढे भरभर! मी मागे पडले. आमच्या कोपऱ्यावर पोचले तर हे खिडकीशी उभे, "टपाल! टपाल!" खिडकी बंद, दार बंद. त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं आणि वळायला लागले. बंद घराचं टपाल परत. चावीवाला ओरडला, "पोस्टमन, थांबा! आहेत आत, येतायत!"

ते थांबले. घड्याळ बघितलं. हातावर घड्याळ नाही, तरी बघितलं.

"किल्ली?" चावीवाल्याने विचारलं.

"आत."

त्याने खिशातून तार काढली. मोजून पाच सेकंद. "हे कुलूप बदला, काकू. लाज आणतं हे." मी आत शिरले, दार लावलं, खिडकी उघडली, हात बाहेर काढला.

"टपाल," ते म्हणाले.

"आणा," मी म्हटलं.

मग ते पिशवी काढून दार लोटून आत आले आणि म्हणाले, "अगं, पाणी दे. आज फार उशीर झाला."

चावीवाला बाहेरच्या बाहेर गेला. आत या म्हणायचं मला सुचलं नाही. सवय नाही.

२३ तारीख, शनिवार

लेकीला फोन केला. लपवता आलं असतं, तिला कळायचं काही कारण नव्हतं. पण शब्द दिला होता. म्हटलं, काल तुझे बाबा हरवले. चार तास. आणि माझ्यामुळे हरवले. फॉर्म डब्यात आहे, ये आणि सही घेऊन जा.

ती मग म्हणाली, "तुझ्यामुळे म्हणजे?"

सगळं सांगितलं. पाकिटांसकट.

"मंगळवारी माझी सुट्टी असते," ती म्हणाली. "मला बघायचंय."

"बघायचं काय त्यात?"

"आई, मंगळवारी."

फॉर्म बाहेर काढून ठेवलाय. सही केली नाही. हात जात नाही. पण करणार.

२६ तारीख, मंगळवार

यांच्या मागे वीस पावलांवर आम्ही दोघी. लेकीचा दंड धरून चालले, गुडघ्यामुळे.

सगळं तसंच. वॉचमन उभा राहिला, कोट अंगात, बटणं लावलेली. "पोस्टमनकाका, पुलाखालचं एक आहे." यांनी पत्ता वाचला, मान हलवली. रस्ता ओलांडायला उभे राहिले तर एका बसवाल्याने, याला तर कुणी पाकीटही दिलेलं नाही, बस थांबवली आणि हात हलवून जा म्हणून खूण केली. मागचे भोंगे वाजवत होते. त्याने लक्ष दिलं नाही. रोजचंच असावं.

चावीवाल्याने पाकीट घेऊन कपाळाला लावलं. हा जरा नाटकी आहे.

औषधाच्या दुकानात रांग होती. चष्मेवालीने सगळ्यांना थांबवलं. "एक मिनिट हं, टपाल आलंय." आणि रांगेतली माणसं, घाईची, आजारी, कुणाच्या कडेवर रडतं पोर, थांबली. कुणी काही विचारलं नाही. एका बाईने तर यांना पुढे जायला जागा करून दिली.

लेकीने माझ्या हातातून दंड सोडवला आणि पर्समधून रुमाल काढला.

"आता इथे रस्त्यात नको," मी म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "तिथे त्यांना टपाल कोण देणार?"

"कुठे?"

"तिथे. बागेत."

मी म्हटलं, "पाय चालतात तोवर. पुढचं पुढे."

तिने फॉर्म मागितला. दिला. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गेली. काय ठरवलं ते मला कळलं नाही. विचारलं नाही. मुदतीला चार दिवस आहेत.

संध्याकाळी चावीवाल्यासाठी बसायची गादी शिवायला घेतली. थंड दगडावर बसतो, वेडा. जाड कापडाचे उरलेले तुकडे पडूनच होते, तेवढीच अडगळ कमी.

३ तारीख, मंगळवार

दहा वाजता हे निघाले. आता पहिलं पाकीट माझं असतं, वॉचमनच्या नावाचं. आज आत चिठ्ठी घातली: कोटाचं खालचं बटण सैल दिसतंय, आणून टाका. रिकामं पाठवायला मला बरोबर वाटत नाही.

लेकीचा आठवडाभर फोन नाही. मुदत टळून गेली. मीही केला नाही. रागावली असेल तर असू दे, असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी फोन वाजला की सुई बोटात जाते.

एक वाजला. "टपाल!"

हात पुढे केला तर पाकीट देईनात. जाड होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, रजिस्टर. पाकिटाला टाचणीने चिठ्ठी लावलेली.

"बाई, याला सही लागते. येते ना सही?"

"येते. चौथी शिकलेय."

"मग इथे करा."

गेले तीन आठवडे सगळे माझ्या सहीच्या मागे लागले होते. आज केली. खिडकीच्या कट्ट्यावर, त्या एवढ्याशा चिठ्ठीवर. त्यांनी ती नीट वाचली, दुमडली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग आत आले आणि पाणी मागितलं.

पाकीट फोडलं. आत संस्थेचा फॉर्म. कोरा. मागच्या बाजूला लेकीचं अक्षर: दर मंगळवारी आपल्या पत्त्याचं टपाल मी देणार. मघाशी पुलाखाली एक पाकीट दिलं, बाबांनी मला ओळखलं नाही, पण ते घेतलं आणि म्हणाले, ताई, पत्ता अगदी बरोबर घातलाय. एक वाजता जेवायला येऊ का? आत घेशील?

खिडकीतून बघितलं तर समोरच्या फुटपाथवर उभी. लहानपणी मार चुकवून यायची तशी.

हात केला, ये म्हणून. दार उघडंच ठेवलं.

जेवणं झाली. लेक भांडी घासतेय, हे झोपलेत. फॉर्मचा कागद जाड आणि चांगला आहे. लेकीने लिहिलेला भाग कापून वहीत ठेवला. उरलेल्यातून वॉचमनच्या आतल्या खिशाचा साचा निघाला.

डॉक्टरीणबाई, आज काय विसरले ते लिहायचं राहिलं. चहा दोनदा मागितला.

दोनदा दिला.